थांबलेला सर्व्हर आणि चुकलेला सर्व्हर

(प्रस्तावना)

पीक विम्याच्या योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झालं तर ते 72 तासांच्या आत कळवायचं, ही अट परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी कित्येक हंगाम सांभाळली. 1 आणि 2 सप्टेंबर 2024 ला परभणी, हिंगोली, नांदेड या भागाला पावसाने झोडपून काढलं, तेव्हाही घड्याळ त्याच 72 तासांचं होतं. रानात सोयाबीन पाण्याखाली, ओढ्याला पूर आल्याने गावाचा रस्ता बंद, आणि अशातून कसाबसा केंद्रावर पोचलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं ऐकावं लागलं, की त्याच्या तीन दिवसांतला एक गेलाच. आता सर्व्हर किती वेळ चालू राहील याची कंत्राटांत लिहितात ती टक्केवारी पाहा. वर्षाचे तास 8,760. 99 टक्के वेळ चालू राहणारा सर्व्हर ऐकायला चोख वाटतो, पण उरलेला एक टक्का म्हणजे साडेसत्त्याऐंशी तास. 72 तासांची अख्खी मुदत त्यात बुडते, आणि तरीही कंत्राटाचा भंग झाला असं कुणाला म्हणता येत नाही. 99.9 टक्क्यांत वर्षाला पावणेनऊ तासांची सूट मिळते आणि 99.99 टक्क्यांत जेमतेम 53 मिनिटांची.

हे तास वाचवण्यासाठी दोन-तीन सर्व्हर एकत्र बांधून त्यांचा क्लस्टर करतात. एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. इथवर सगळ्यांना पटतं, आणि विक्रेत्याचं सादरीकरणही बहुधा इथेच संपतं. खरी अडचण सुरू होते ती डेटा ठेवायच्या जागेपाशी. काम उचलणाऱ्या यंत्राला आधीच्या यंत्राने लिहिलेलं सगळं, अगदी शेवटच्या नोंदीसकट, मिळालं पाहिजे. शिवाय आधीचं यंत्र खरोखर बंद पडलंय, की फक्त त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही, हेही ठरवता आलं पाहिजे. या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या थरावर द्यावी लागतात तो थर म्हणजे फाईल सिस्टीम आणि तिच्या आजूबाजूची मांडणी. ही पुस्तिका त्याबद्दल आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेज, पतसंस्था, रुग्णालय, बाजार समिती अशा जागी दोन-चार सर्व्हर सांभाळणाऱ्या आणि मदतीला शेजारी दुसरा कुणी जाणकार नसणाऱ्या मुलामुलींसाठी ती लिहिली आहे.

क्लस्टरची चर्चा नेहमी ‘बंद पडता कामा नये’ या एकाच वाक्याभोवती फिरते. माझ्या मते प्रश्न उलट्या बाजूने विचारायला हवा: शंका आली तर या यंत्राने थांबायचं, की लिहीत राहायचं? सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, 15 ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. तेव्हापासून गंगाखेडच्या किंवा सेलूच्या माणसाचा जमिनीवरचा हक्क कुठल्या तरी डिस्कवरच्या काही ठोकळ्यांत साठवलेला असतो. सर्व्हर थांबला तर त्या माणसाचा एक दिवस जातो, भाडं जातं, मनस्ताप होतो. पण सर्व्हरने एकाच गटाच्या दोन वेगळ्या नोंदी खऱ्या म्हणून लिहून ठेवल्या तर पुढे दिवाणी कोर्टात वर्षं जातात. थांबलेला सर्व्हर सगळ्यांना दिसतो, त्यावर ओरड होते, तो चालू होतो. चुकलेला सर्व्हर मात्र महिनोन्‌महिने हिरवा दिवा दाखवत चालू असतो.

अशी चूक होते कशी, ते जवळून पाहू. दोन सर्व्हर आहेत, दोघांना केबलने जोडलेली एकच सामायिक डिस्क आहे आणि तिच्यावर एक्स्ट-फोर किंवा एक्सएफएस ही नेहमीची फाईल सिस्टीम आहे. कुणाला तरी वाटलं, दोन्ही सर्व्हरवर ती एकाच वेळी माऊंट केली तर काम दुप्पट होईल. पहिल्या पाच मिनिटांत सगळं सुरळीत दिसतं. पण या फाईल सिस्टीम एकाच मालकासाठी बनलेल्या आहेत. डिस्कवरचा कुठला ठोकळा रिकामा आणि कुठला भरलेला, याचा नकाशा प्रत्येक सर्व्हर आपल्या मेमरीत उचलून ठेवतो आणि पुढे त्या प्रतीवरच विश्वास ठेवतो. दोन कारकुनांनी एकाच रजिस्टरची झेरॉक्स काढून आपापल्या टेबलावर बसून नोंदी कराव्यात आणि संध्याकाळी दोघांनी आपापलं पान मूळ रजिस्टरला चिकटवावं, तसा हा प्रकार. पहिल्या सर्व्हरने रिकामा समजून एक ठोकळा फेरफाराच्या फाईलला दिला, दुसऱ्याने तोच ठोकळा लॉगच्या फाईलला दिला. ज्याने नंतर लिहिलं त्याचं राहिलं. पडद्यावर एकही त्रुटी आली नाही. कळतं ते पुढच्या रीबूटला, फाईल सिस्टीमची तपासणी शेकडो तक्रारी ओकायला लागते तेव्हा. जर्नल आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा गैरसमज इथेच मोडतो. वीज गेल्यावर अर्धवट राहिलेला बदल पुरा करणं किंवा सोडून देणं, एवढंच जर्नलचं काम. दोन मालक एकाच वेळी लिहीत असतील तर त्याला ते कळतच नाही. एक्स्ट-फोरमध्ये ‘एमएमपी’ नावाची सोय आहे. ती चालू केली की माऊंट करणारा सर्व्हर डिस्कवर ठरावीक वेळाने आपली खूण लिहीत राहतो आणि दुसऱ्याला ती ताजी दिसली तर तो माऊंट करायला नकार देतो. एक्सएफएसमध्ये ही सोय नाही. सामायिक डिस्कवर एक्स्ट-फोर वापरत असाल तर एमएमपी चालू करा. त्यासाठी लागणारी आज्ञा एका ओळीची आहे.

मोठ्यांचंही याच जागी चुकतं. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क देखभालीच्या कामात तुटला. किती वेळ? 43 सेकंद. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने ठरवलं की पूर्वेकडचा मुख्य डेटाबेस गेला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्याला मुख्य नेमलं. संपर्क परत आला तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेकडे पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झालेल्या होत्या. दोन्ही खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. हा गुंता सोडवताना सेवा 24 तास 11 मिनिटं विस्कळीत राहिली. मला त्यातला महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या अभियंत्यांचा निर्णय: घाईने सगळं सुरू करण्याऐवजी, वापरणाऱ्यांचा डेटा एकसंध राहावा म्हणून त्यांनी मुद्दाम वेळ घेतला. तिथे हजारो यंत्रं होती आणि हाताशी कसलेली माणसं होती. आपल्याकडे दोन यंत्रं आणि एक माणूस असतो. म्हणून हा निर्णय संकटाच्या वेळी घ्यायची पाळी येऊ नये, तो आधीच मांडणीत बसवलेला असावा.

तो बसवायचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही लागतात. पहिला म्हणजे कोरम. तीन मतं असावीत आणि ज्याच्या बाजूला दोन आहेत त्यानेच लिहावं. दोनच सर्व्हर असतील तर क्लस्टरमधला संपर्क आणि मतं सांभाळणाऱ्या कोरोसिंकमध्ये दोन नोडांसाठी, म्हणजे दोन यंत्रांसाठी, खास सवलत आहे. पण त्यापेक्षा तिसरं मत देणारं एखादं छोटं, जुनं यंत्र दुसऱ्या इमारतीत ठेवणं कितीतरी चांगलं. त्यावर डेटा नसतो, ते फक्त साक्षीदार असतं. त्याचं नेटवर्कही वेगळ्या वाटेने यावं. तिन्ही मतं एकाच स्विचला जोडली असतील तर स्विच गेल्यावर कोरमही गेला.

दुसरा मार्ग म्हणजे फेन्सिंग. गप्प झालेल्या यंत्राची वीज तोडायची, ती तुटल्याची खात्री करायची आणि मगच त्याचं काम उचलायचं. या कामाच्या लोकांत याला ‘स्टोनिथ’ म्हणतात. नव्याने शिकणाऱ्यांना हे क्रूर वाटतं आणि बरेच जण सुरुवातीलाच ते बंद करून टाकतात, कारण ते बंद केल्यावर क्लस्टर लगेच चालू होतो. माझं स्पष्ट मत आहे की स्टोनिथ बंद ठेवलेला क्लस्टर लोकांच्या कामासाठी वापरू नये. त्यापेक्षा एकच सर्व्हर आणि रोजचा बॅकअप बरा.

पण फेन्सिंग पुस्तकात वाचणं वेगळं आणि परभणीत चालवणं वेगळं. बहुतेक मार्गदर्शनांत फेन्सिंगसाठी सर्व्हरमधलंच रिमोट मॅनेजमेंटचं कार्ड वापरायला सांगितलेलं असतं. त्या कार्डाला वीज मिळते त्याच सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधून. आता समजा लाईट गेली, पहिल्या सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी संपली आणि तो पूर्ण बंद झाला. दुसरा सर्व्हर त्याची वीज तोडायला कार्डाला हाक मारतो, पण कार्डही मेलेलं आहे. ‘वीज तुटली’ हे सांगायला कुणीच नाही. खात्री नाही म्हणून दुसरा सर्व्हर काम उचलत नाही आणि क्लस्टर अडकून बसतो. दोन सर्व्हर असूनही सेवा बंद. वीज जाणं हा जिथे अपवाद आहे तिथे लिहिलेली मांडणी, वीज जाणं हा जिथे उन्हाळ्यातला नित्यक्रम आहे तिथे अशी फसते. यावर उपाय आहेत. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आणि ते दोन वेगळ्या यूपीएसवर. फेन्सिंगसाठी सर्व्हरच्या बाहेर असलेली, नेटवर्कवरून चालू-बंद करता येणारी वीजपट्टी. किंवा एसबीडी आणि वॉचडॉग. या रचनेत ज्या सर्व्हरचा संपर्क तुटतो तो ठरलेल्या सेकंदांत स्वतःच स्वतःला रीबूट करतो, आणि दुसरा तेवढे सेकंद मोजून पुढे जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी मी हा तिसरा उपाय आधी सुचवेन. मात्र वॉचडॉग यंत्रात बसवलेला खरा असावा, नुसता सॉफ्टवेअरचा नको.

इतकं झाल्यावर मग फाईल सिस्टीम निवडायची. उलट्या क्रमाने निघालेला माणूस आधी नाव ठरवतो आणि मग अडचणी मोजतो. माझी शिफारस कुणाला साधी वाटेल. दहांपैकी नऊ ठिकाणी क्लस्टर फाईल सिस्टीम लागतच नाही. एका वेळी एकाच सर्व्हरवर एक्स्ट-फोर किंवा एक्सएफएस माऊंट करा, तिच्या खाली डीआरबीडी ठेवा, आणि कुठल्या सर्व्हरने काम चालवायचं हे पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ठरवू द्या. डीआरबीडी दोन सर्व्हरच्या डिस्क नेटवर्कवरून एकसारख्या ठेवतं. व्हिएन्नात फिलिप राइस्नर यांनी सुरू केलेलं हे काम 2010 मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं. त्यात ए, बी, सी असे तीन प्रोटोकॉल आहेत. हक्काच्या आणि पैशाच्या नोंदी असतील तर सी वापरा: दोन्ही डिस्कवर लिहून झाल्याशिवाय ‘झालं’ असं सांगितलंच जात नाही. लिहिण्याचा वेग थोडा कमी होतो. तो होऊ द्या. पेसमेकरमध्ये क्रम नीट बांधा: आधी डीआरबीडीला मुख्य करणं, मग माऊंट, मग डेटाबेस, शेवटी लोकांना दिसणारा आयपी पत्ता. आणि ही फाईल सिस्टीम एफएसटॅबमध्ये लिहू नका. तिथे लिहिली तर यंत्र सुरू होताना पेसमेकरला न विचारता ती माऊंट होते, आणि मग वर सांगितलेली दोन मालकांची गोष्ट घडायला दारच उघडलं.

दोन्ही सर्व्हरनी एकाच वेळी लिहायलाच हवं, असं काम खरोखर असेल तेव्हा जीएफएस-टू किंवा ओसीएफएस-टू यांचा विचार करा. दोन्ही 2006 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आल्या. यांत प्रत्येक नोडला स्वतःचं जर्नल असतं आणि कुठल्या फाईलवर कुणाचा हात आहे हे कुलपांचा व्यवस्थापक ठरवतो. प्रत्येक कुलपासाठी नेटवर्कवर एक फेरी होते. म्हणून एकाच फोल्डरमध्ये दोन्ही नोडांनी सतत छोट्या फाईली टाकल्या तर काम दुप्पट व्हायचं सोडून अर्ध्यावर येतं. किमान ‘नो-ए-टाईम’ लावा, नाहीतर फाईल नुसती वाचली तरी तिची वेळ लिहायला कुलूप घ्यावं लागतं.

निवडताना गुणांइतकीच त्या फाईल सिस्टीमला पुढे कोण सांभाळणार आहे हेही पाहा. बंगळूरच्या अभियंत्यांचा मोठा वाटा असलेली ग्लस्टर ही फाईल सिस्टीम रेड हॅटने 2011 मध्ये विकत घेतली, आणि 31 डिसेंबर 2024 ला तिच्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या उत्पादनाची साथ संपली. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीत जीएफएस-टूचा संचही उरलेला नाही. सर्व्हर दहा वर्षं चालतो, फाईल सिस्टीम त्याहून जास्त. सेफ ही फाईल सिस्टीम आज जोमात आहे, सेज वाइल यांच्या संशोधनातून ती आली आणि तिची रचना मला मनापासून आवडते. पण तिला किमान तीन मॉनिटर, डेटाच्या तीन प्रती आणि वेगवान नेटवर्क हवं. बारा टेराबाइट डिस्क घेतल्या तर हाती चारच येतात. तीन प्रतींचा खर्च टाळायला दोनच ठेवायच्या, हा सल्ला ऐकू नका. दोन प्रतींत मतभेद झाला तर निवाडा करायला तिसरी नसते.

कामाचं स्वरूप बदललं की उत्तर बदलतं, आणि त्याची फार चांगली उदाहरणं आपल्या जवळच आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. त्याच्या मागे जे अंदाज असतात, तसलं गणित पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या ‘प्रत्युष’सारख्या महासंगणकांवर झालेलं असतं. ‘प्रत्युष’ 8 जानेवारी 2018 ला राष्ट्राला अर्पण झाला. अशा ठिकाणी हजारो प्रोसेसर एकदम एकाच प्रचंड फाईलवर लिहितात. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’वर आहे ती लस्टर ही फाईल सिस्टीम अशाच कामासाठी जन्मली: कुठली फाईल कुठे आहे हे सांगणारे सर्व्हर वेगळे, प्रत्यक्ष डेटा ठेवणारे वेगळे, आणि एक फाईल अनेक डिस्कवर पट्ट्यांनी पसरलेली. मधली आकडेमोड गेली तर पुन्हा करता येते, म्हणून इथे वेगाला पहिला मान.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या आणि आता हिंगोलीत गेलेल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 एप्रिल 2023 ला तिला पूर्ण मंजुरी दिली. चार किलोमीटरच्या दोन भुजांतून ती गुरुत्वीय लहरींचा वेध घेईल. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पकडलेली पहिली लहर सेकंदाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी टिकली होती. तो क्षण नोंदवायचा राहिला असता तर पुन्हा मिळाला नसता. इथे थांबणं हीच सर्वांत मोठी चूक. पण या डेटाचा एक सोयीचा स्वभाव आहे: फाईल एकदाच लिहिली जाते, नंतर तिच्यात कुणी बदल करत नाही. मालकीचा वाद बराचसा आपोआप मिटतो, आणि प्रती वाढवणं, त्या शाबूत आहेत का हे चेकसमने तपासत राहणं, एवढ्यावर लक्ष देता येतं. सातबारा, हवामान, लहरी. तिन्हींना ‘कायम चालू’ यंत्रणा हवी आहे आणि तिन्हींसाठी त्याचा अर्थ निराळा आहे. औंढ्याची वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिथल्या साठवणीच्या खोलीत जिंतूर-वसमतची मुलं असावीत, अशी माझी फार इच्छा आहे. ही पुस्तिका मराठीत लिहिण्यामागे तीही आहे.

राहिल्या दोन गोष्टी. परभणीचा उन्हाळा 44 अंशांच्या आसपास जातो. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणजे मार्चमध्ये वीस मिनिटं टिकणारा यूपीएस जूनमध्ये तेवढा टिकेल असं धरून चालू नका. रेड कंट्रोलरवरच्या छोट्या बॅटरीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. ती गेली आणि लिहिण्याचा कॅशे तरीही चालू राहिला, तर डिस्क ‘लिहिलं’ म्हणते तेव्हा डेटा प्रत्यक्षात वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतो. अशा वेळी प्रोटोकॉल सीसुद्धा फसतो, कारण तो डिस्कच्या शब्दावर विसंबून आहे.

आणि प्रत म्हणजे बॅकअप असं समजू नका. क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर 2021 मध्ये 77 टेराबाइट डेटा, सुमारे 3 कोटी 40 लाख फाईली, पुसल्या गेल्या. यंत्रं सगळी ठणठणीत होती. पुरवठादार कंपनीने बॅकअपची एक स्क्रिप्ट ती चालू असतानाच बदलली आणि जुने लॉग पुसायच्या जागी तिने संशोधकांच्या फाईली पुसल्या. क्लस्टर पुसण्याची आज्ञाही तितक्याच इमानदारीने सगळ्या प्रतींवर पाळतो. म्हणून बॅकअप क्लस्टरच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या गावात, आणि महिन्यातून एकदा त्यातून खरोखर काहीतरी परत आणून पाहावं.

पुढच्या प्रकरणांतले सगळे प्रयोग दोन जुन्या डेस्कटॉपवर आणि तिसऱ्या एखाद्या टाकाऊ लॅपटॉपवर होतात. व्हर्च्युअल मशीनवर सराव करायला हरकत नाही, पण वीज तोडण्याची चाचणी खऱ्या यंत्रावरच करा: डेटाबेसमध्ये क्रमांक टाकणारी एक छोटी स्क्रिप्ट चालू ठेवा, मुख्य यंत्राची वायर भिंतीतून उपटा, दुसऱ्याने काम उचलल्यावर शेवटचा ‘झालं’ म्हणून आलेला क्रमांक तिथे आहे का ते पाहा. मग नेटवर्कची केबल काढून हेच करा, मग दोन्ही यूपीएस एकदम बंद करून. किती सेकंद लागले आणि कुठला क्रमांक हरवला, ते तारखेसह वहीत लिहा. एकही क्रमांक हरवला तर पहिल्या प्रकरणापासून मांडणी पुन्हा तपासा, आणि जून उजाडायच्या आत चाचणी पुन्हा घ्या.